जावयाच्या पसंतीचा रेडिओ

मुंजाजीनं 'बरं' म्हणायला कधी सुरुवात केली, हे त्याची बायको धुरपताबाई नेमकं सांगू शकत होती. थोरली लेक कस्तुरा गेली, तिच्या तेराव्याला. लेकीच्या सासरी जेवणाच्या पंगती उठल्या, तसा जावई चंद्रभान तीन महिन्यांची पोर घेऊन पुढं आला आणि म्हणाला, "मामा, हिला तुमच्याकडंच न्या. आमच्या आईच्यानं व्हायचं न्हाई." मुंजाजीनं पोर हातात घेतली आणि म्हणाला, "बरं."

तेव्हापासून तो सगळ्यालाच बरं म्हणत आला होता. बैल लंगडायलाय, बरं. पऱ्हाटीवर अळी पडली, बरं. एकदा विळ्यानं बोट कापलं आणि धोतरभर रक्त झालं, तर ओरडली धुरपताबाई. हा आपल्या बोटाकडं शेजाऱ्याचं बोट असल्यासारखा बघत उभा. तिनं एकदा भाजीत मीठच घातलं नाही. आधी विसरून, मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम. त्यानं दोन्ही दिवस भाकरी संपवली आणि हात धुतले. रडला तर एकदाही नाही. बोरीच्या आसपासच्या गावांत लोक म्हणायचे, मुंजाजी लय धीराचा गडी, पोटची लेक गेली तरी डोळ्याला पाणी न्हाई. लोकांचं काय, बरं म्हणणारा माणूस सगळ्यांनाच आवडतो. धीरबीर काही नव्हता. आत सगळं बधिर पडलं होतं, इतकंच.

त्यामुळं धुरपताबाईचा भाऊ दत्तराव सोयरीक घेऊन आला तेव्हा त्याला तोंड फार वाजवावं लागलं नाही. सोयरीक चंद्रभानचीच होती. धाकटी कावेरी त्याला द्यायची.

"कस्तुराच्या पोरीला उद्या परकी बाई आई म्हणून येणार, त्यापरीस मावशी काय वाईट?" दत्तराव म्हणाला. "आन् दाजी, जावई काय मागत न्हाई. हुंडा न्हाई, सोनं न्हाई. फकस्त एक रेडिओ. त्यो बी कसला पाहिजे ते लिहून दिलंय, म्हंजे आपल्याला डोक्याला ताप न्हाई."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. मुंजाजीला सही येत होती, वाचता येत नव्हतं. चिठ्ठीत होतं ते असं: तीन बँड. विजेवर चालावा, सेलवरही चालावा. कातडी कव्हर, खांद्याला पट्टा. आवाज जाड-बारीक करायचं बटन वेगळं. लांब काडीचा एरियल, मुडपणारा. दत्तराव एकेक कलम असं वाचत होता की जणू ते सगळं त्याच्याच घरी येणार होतं. वाचून झाल्यावर मुंजाजीनं चिठ्ठी घेतली, चार घड्या घातल्या, कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं."

कावेरीला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती एकोणीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. अकरा महिने बहिणीची पोर कडेवर वागवून तिची कंबर एका बाजूला झुकायला लागली होती. त्या बाळीला सोडून राहणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं. आणि बहिणीच्या नवऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नुसतं मनात आलं तरी आपले पाय गार पडतात, हेही ठाऊक होतं. दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते तिला उमगत नव्हतं. ज्या दिवशी मुंजाजी खरेदीला सेलूला निघाला, त्या दिवशी ती दारापर्यंत आली.

"आबा, त्यो टाक लय जड असतो का?"

मुंजाजीनं तिच्याकडं पाहिलं. बिजवराला दिलेल्या पोरीनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, सणाला गोड केलं की पहिला घास तिच्या नावाचा काढायचा, म्हणजे गेलेलीचा जीव नव्या बाईवर घुटमळत नाही म्हणतात. टाक खरं तर नवऱ्याकडच्यांनी करायचा. पण चंद्रभानच्या आईनं, चांगुणाबाईनं, निरोप धाडला होता की दोघी तुमच्याच, तवा टाक बी तुमीच करा. मोठी सोयीची बाई.

"जड नसतो," मुंजाजी म्हणाला.

"हलका करा आबा," कावेरी म्हणाली. "अक्काचा हाय, घालीन मी. पर हलका करा."

"बरं," मुंजाजी म्हणाला आणि निघाला.

एस.टी.त दत्तराव वाटभर रेडिओवर बोलत होता. एका बँडात आणि तीन बँडांत काय फरक, सेल किती दिवस पुरतात, कातडी कव्हर नसलं तर काळी माती आत जाऊन बटनं कशी चिकटतात. मुंजाजी खिडकीतून बघत होता. कापूस फुटला होता. मागच्या वर्षी असाच फुटला होता तेव्हा कस्तुराला ताप भरला होता.

ती हकिकत त्याला पाठ होती. चंद्रभाननं तेराव्याच्या आधी तीनदा आणि नंतर दोनदा सांगितली होती. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. सेलूचा सरकारी दवाखाना चंद्रभानच्या गावापासून दोन कोसांवर. पण नेमकी त्याच वेळेला गाडीच्या चाकाची धाव निघाली. चाकाला लोखंडी धावच नसली तर गाडी चालणार कशी? चाक लोहाराकडं टाकलेलं. गावातल्या बाकीच्या गाड्या कापसात गुंतलेल्या. उद्या नेऊ, उद्या नेऊ करता करता चंपाषष्ठीला दिवेलागणीच्या वेळी ती गेली. "चाकानं घात केला, मामा," चंद्रभान म्हणाला होता आणि उपरण्यानं डोळे पुसले होते. मुंजाजीला त्या लोहाराचा राग आला नाही, चाकाचाही आला नाही. देवाचा यावा म्हणून त्यानं वाट बघितली, तोही आला नाही.

सेलूच्या स्टँडवर भिंतीला विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा लिहिलेल्या होत्या. एकाची पुसून दुसऱ्यानं, दुसऱ्याची पुसून पुन्हा पहिल्यानं. भिंत आता कुणालाच वाचता येत नव्हती. दोघं तिथून सराफ्याकडं वळले.

मार्तंड सोनारानं विचारलं, "देवाचा टाक का माणसाचा?"

"बाईचा," दत्तराव म्हणाला. "सवतीचा. आन् हलका दाखवा."

मार्तंडनं डबीतून चार-पाच टाक काढून लाल कापडावर मांडले. अंगठ्याच्या पेराएवढे. प्रत्येकावर एक बाई, पदर डोक्यावरून घेतलेली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मुंजाजीनं एकेक उचलून पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला.

"ह्या समद्या एकच हायत," तो म्हणाला.

"एकच ठसा हाय न् पाटील. आमच्या आज्यापासून ह्याच ठशातून समद्या बाया निघाल्या. कुणाची बी असो."

"आमच्या लेकीच्या हनवटीवर गोंदण व्हतं. तीन टिपके."

मार्तंडनं दत्तरावाकडं पाहिलं. दत्तरावानं खांदे उडवले. "दाजी, टाकात कोण चेहरा बघायलंय? नाव घेऊन घातला की झालं. चला, रेडिओला उशीर व्हायलाय."

"तीन टिपके," मुंजाजी पुन्हा म्हणाला. आवाज चढवला नाही. पण अकरा महिन्यांत एका गोष्टीसाठी दोनदा तोंड उघडायची त्याची ही पहिलीच वेळ.

"काढतो की," मार्तंड म्हणाला. "दुपारून या. टिपके काढून, गळ्यात घालायची कडी जोडून ठेवतो."

सेलूत रेडिओचं दुकान एकच होतं, बाजारातल्या मोठ्या रस्त्यावर. दुकानदार बन्सीधर. गोरा, गोलमटोल, गिऱ्हाइकाला आधी चहा आणि मग भाव सांगणारा. त्यानं फळीवरून सहा रेडिओ उतरवून गल्ल्यापुढं ओळीनं मांडले, आणि दत्तरावाचं तोंड लग्नघरातल्या पाव्हण्यासारखं खुललं. त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि कामाला लागला. पहिला उचलून वजन केलं, कानाजवळ हलवून बघितला, आत काही खुळखुळतं का ते. मागचं झाकण उघडून सेलची जागा बघितली. दुसऱ्याची काडी ओढून लांब केली, परत दाबली, परत ओढली.

"हा एक बँडचा. ह्याच्यावर परभणी लागंल आन् संपलं. बाजारभाव ऐका आन् झोपा," बन्सीधर समजावत होता. "हा दोन बँडचा, मुंबई ऐकू येती. आन् हा तीन बँडचा. ह्याच्यावर सिलोन घ्या, बीबीसी घ्या, कुठं कुठं बोलायलेत ते समदं ऐका."

त्यानं बटन फिरवलं. आधी खरखर, मग कुठल्यातरी मुलखातली बाई भरभर बोलायला लागली. कुणाला एक अक्षर कळलं नाही. तरी दत्तराव मान डोलवत राहिला.

"ऐकू येणं खरं," तो म्हणाला. "पर आवाज जाड-बारीक करायचं बटन?"

"हे काय. भजनाला जाड ठेवा, बातम्याला बारीक."

"पट्टा?"

"अस्सल कातडी. दहा वरीस तुटायचा न्हाई."

मुंजाजी बाकड्यावर बसून होता. चहा निवला होता. त्याच्यापुढं सहा रेडिओ, आणि दोन शहाणीसुरती माणसं त्यांच्या बटनाबटनाची चौकशी करायलेली. कस्तुराला चंद्रभानला दिली तेव्हा आपण काय काय विचारलं होतं, ते त्याला आठवत होतं. जमीन किती, विहिरीला पाणी किती. झालं. तेवढ्यावर सुपारी फुटली होती. कावेरीच्या वेळी तर तेवढंही विचारलं नव्हतं. जमीन तीच, विहीर तीच.

"हा बंद पडला तर?" त्यानं एकदम विचारलं.

बन्सीधरनं वळून पाहिलं. ह्या म्हाताऱ्याला तोंड आहे हे त्याला तोवर वाटलं नव्हतं. "बंद पडला तर हितं आणायचा, पाटील. माझा माणूस हाय दुरुस्तीला. कोणत्या गावाला जाणार हाय रेडिओ?"

दत्तरावानं गाव सांगितलं.

"मग तर फिकीरच न्हाई. दोन कोस. सकाळी गाडीत घालून आणला की दुपारी वाजवत घेऊन जायचा."

"आन् न्हाई आणला तर?"

बन्सीधर हसला. "असं कोण करतं? एवढ्या हौसेनं घेतलेली वस्तू बंद पडल्यावर कोणी घरात ठेवून बघत बसतं का? रात्री बंद पडला तर सकाळी माझं दुकान उघडायच्या आधी दारात येऊन बसतेत लोक."

मुंजाजीनं मान हलवली. बरं म्हणायचं त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. त्यानं निवलेला चहा पिऊन टाकला.

"दाजी, चिठ्ठी द्या," दत्तराव म्हणाला. "एकदा ताडून बघतो, एखादं राहायला नको." आणि लगेच, काहीतरी आठवल्यासारखं, "न्हाई तर राहू द्या. माझ्या ध्यानात हाय समदं."

पण मुंजाजीचा हात खिशात गेला होता. त्यानं चिठ्ठी काढून सरळ बन्सीधरच्या हातात दिली.

बन्सीधरनं घड्या उलगडल्या आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, ही तर माझीच चिठ्ठी! हे बघा, वर दुकानाचं नाव छापलेलं. अक्षर बी माझंच हाय." त्यानं कागद दत्तरावापुढं धरला. दत्तराव रेडिओच्या मागच्या झाकणात फार बारकाईनं बघायला लागला. "चंद्रभान तुमचे जावई का? मग आधी सांगायचं न्! मागल्या साली आलते. हितंच, तुमी बसला त्याच बाकड्यावर. दोन तास बसले. एकेक रेडिओ वाजवून बघितला. लय चिकित्सक माणूस. शेवटी मला म्हणले, शेठ, आता घेत न्हाई, पर कसला घ्यायचा ते लिहून द्या, योग आला की घेऊ."

"कधी?" मुंजाजीनं विचारलं.

"मिती लिहिल्याशिवाय मी कागद देत नसतो," बन्सीधर अभिमानानं म्हणाला. "ही काय. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. चंपाषष्ठी! आता चांगलं आठवलं. आमच्या घरी खंडोबाचं असतं. घरून भरीत-रोडग्याचा डबा आलता, त्यांना बी दिला. दोन रोडगे खाल्ले, भरीत मागून घेतलं. चांगला माणूस, आढ्यता न्हाई."

दत्तराव म्हणाला, "शेठ, सेल किती लागतेत ह्याला? चार का सहा?"

"चार," बन्सीधर म्हणाला.

मुंजाजी उठून उभा राहिला. "त्या दिशी ते कसे आलते हितं? पायी?"

"पायी कशाला? कापूस घेऊन आलते. खरेदी सेंटरवर गाड्यांची रांग लय मोठी. सालगड्याला गाडीपाशी बसवलं आन् नंबर येईस्तोर हितं आले."

"गाडी घरचीच?"

"आता ते मी काय सांगू?" बन्सीधर जरा गोंधळला. "घरचीच असंल. नवी धाव बसवून आणली म्हणत व्हते, दोन दिस झाले म्हणं, आता गाडी पळती कशी बघा. माप झाल्यावर दुकानापुढूनच गेले, हात केला मला. का बरं? काय झालं?"

तीन बँडच्या रेडिओत ती परमुलखातली बाई अजून भरभर बोलत होती. मुंजाजीनं हात पुढं करून बटन फिरवलं. ते बंद करायचं बटन नव्हतं. आवाज आणखी मोठा झाला. मग बन्सीधरनंच तो बंद केला.

चंपाषष्ठी. दोन तास. बाजाराच्या त्या टोकाला कापसाचं सेंटर, ह्या टोकाला हे दुकान, आणि मधे, ह्याच रस्त्यावर, सरकारी दवाखाना. येताना गाडी दवाखान्यावरून आली होती, जाताना दवाखान्यावरून गेली होती. मुंजाजीला हे कळत होतं. दुखत मात्र नव्हतं. विळ्यानं बोट कापलं होतं तेव्हासारखंच, नुसतं दिसत होतं.

"हा बांधू का मग?" बन्सीधरनं हळूच विचारलं.

"नको."

"दुसरा दाखवू?"

"कोणताच नको. चिठ्ठी द्या माझी."

रस्त्यावर आल्यावर दत्तराव मागून धावत आला. "दाजी, थांबा. ऐका तर." मुंजाजी थांबला.

"तुला वाचता येतं," मुंजाजी म्हणाला. "मला वाचून दाखवलंस तवा वरचं कामून वाचलं न्हाईस?"

दत्तरावानं रस्त्याकडं पाहिलं, दुकानाकडं पाहिलं. खोटं बोलायला त्याला वेळ कमी पडला. "वाचलं व्हतं मी. मनात वाचलं. पर दाजी, सांगून काय झालं असतं? गेलेली परत येती का? पुढं बघायचं का न्हाई माणसानं? मला वाटलं, कावेरीचं बी सुटंल, पोरीचं बी सुटंल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आन् आता मोडलं तर त्यो गप बसंल का? पोरीचा बाप हाय त्यो. उद्या येऊन पोर घेऊन गेला म्हंजे? कायदा त्याच्या बाजूला हाय. मग काय करताल?"

हे मात्र खरं होतं. दत्तराव लबाड असेल, पण ह्या बाबतीत खरं बोलत होता. बाळीच्या पायातले वाळे, कावेरीची वाकडी झालेली कंबर, सगळं मुंजाजीच्या डोळ्यांपुढून गेलं. पोर गेली तर कावेरी मरून जाईल. आणि कावेरी तिकडं दिली आणि तिला ताप आला तर?

"येऊ दे त्याला," तो शेवटी म्हणाला. "गाडी घेऊन येऊ दे. गावापुढं विचारतो मी त्याला चाकाचं. मग नेऊ दे पोर, नेववली तर."

मुंजाजी सराफ्याकडं चालायला लागला.

मार्तंड सोनार चिमट्यात एक बारीक कडी धरून बसला होता. टाक समोर ठेवलेला. हनवटीवर तीन ठिपके, वर दोन, खाली एक. बरोबर कस्तुराचे. मुंजाजीनं ते कुणाला असे सांगितले नव्हते. सोनाराच्या हातानं आपसूक तसे पडले होते.

"आलात का? बसा, एवढी कडी जोडतो आन् देतो."

"कडी नको," मुंजाजी म्हणाला.

"अवं, कडी नसली तर दोऱ्यात ववणार कसा? गळ्यात कसा घालणार?"

"गळ्यात घालायचा न्हाई कुणी."

मार्तंडनं चिमटा खाली ठेवला आणि टाक कागदात बांधून दिला. मुंजाजीनं तो चिठ्ठीच्याच खिशात ठेवला.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. दत्तराव बोरीतच उतरून आपल्या घरी गेला. धुरपताबाई भाकरी थापत होती. नवऱ्याचे दोन्ही हात रिकामे बघून तिनं विचारलं, "रेडिओ दत्तरावकडं ठिवला का?"

"घेतला न्हाई."

"आता गं बया! मग जावयाला काय सांगायचं? त्यांनी एवढं एकच तर मागितलं."

मुंजाजी ओट्यावर बसला. कावेरी बाळीला दूध-भाकरी चारत होती. त्यानं चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. "वाच. मोठ्यानं वाच. वरून, पहिल्या ओळीपासून."

कावेरीनं हात पदराला पुसले आणि वाचायला लागली. दुकानाचं नाव. सेलू. मग मिती. "मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी," ती म्हणाली, आणि थांबली. तिनं पुन्हा मनातल्या मनात वाचलं, ओठ हलत होते. घरात ती तिथी कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. दर महिन्याची षष्ठी आली की धुरपताबाई भिंतीकडं तोंड करून बसायची.

"हे त्यांनी त्या दिशी लिहून घेतलं?" कावेरीनं विचारलं.

"दुकानदारानं लिहून दिलं. ह्यो समोर बसून सांगत व्हता. गाडी सेंटरवर उभी व्हती, कापूस भरून. धाव आधीच बसवून झालती."

धुरपताबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तव्यावरची करपायला लागली, तरी ती उठली नाही. कावेरीनं पुढचं वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तीन बँड. कातडी कव्हर. खांद्याला पट्टा. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून काढलं. मग चिठ्ठीच्या घड्या घालून ती तिनं आबाच्या हातात परत दिली, आणि बाळीला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

"मी जाणार न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई," मुंजाजी म्हणाला.

तो उठून देव्हाऱ्याकडं गेला. देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्यात खंडोबा, तुळजाभवानी, आणि मुंजाजीच्या आजोबाचा आणि बापाचा असे टाक, कुंकवानं लाल झालेले. त्यानं बापाचा टाक जरा सरकवला, कागद सोडला आणि कस्तुराचा टाक मधे उभा केला. कडी नसल्यामुळं तो भिंतीला नीट टेकून बसला.

"आवं, हे काय करायलाव?" धुरपताबाईला आता कंठ फुटला. "दिल्या लेकीचा टाक माहेरच्या देवात ठेवत न्हाईत. आपल्यात कुणी ठेवला न्हाई. देव कोपतेत."

"त्या दिशी गाडीत कापसाला जागा व्हती, तिला नव्हती," मुंजाजी म्हणाला. "हितं हाय. हितं ऱ्हाऊ दे."

धुरपताबाई तव्यापासून उठली. कावेरीनं कुंकवाची डबी आणली, ती तिच्या हातातून घेऊन कुंकू धुरपताबाईनंच लावलं. तीन ठिपक्यांवर बोट आलं तशी ती क्षणभर थांबली, तिनं बोट पुन्हा एकदा फिरवून पाहिलं, आणि नवऱ्याकडं वळून बघितलं. त्यानं नुसती मान हलवली.

मग ताटं झाली. कावेरीनं भाकरीचा पहिला तुकडा मोडून देव्हाऱ्यापुढं ठेवला. मुंजाजी जेवायला बसला. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला आणि चावायचा थांबला.

"भाजीत मीठ न्हाई," तो म्हणाला.

धुरपताबाई अकरा महिने ह्या माणसाला मिठाचं, बिनमिठाचं, करपलेलं, शिळं सगळं वाढत आली होती. ती लगबगीनं उठली, मिठाच्या गाडग्यात हात घातला आणि तिथंच, पाठमोरी, हुंदके देऊन रडायला लागली. मुंजाजीनं ताट बाजूला सारलं. त्याचे खांदे आधी हलले, मग आवाज आला. बाळी रडायची थांबून आज्याच्या तोंडाकडं बघत राहिली.